सोळा पानांचे सामी

माणूस कितीही मोठा असो, त्याचं आयुष्य सोळा पानांत बसतं. हे मी अनुभवानं सांगतो. मद्रासच्या ज्या मिशनच्या छापखान्यात मी साडेतीन वर्षं काढली, तिथे कागदाचा एक ताव दोन्ही बाजूंनी छापून तीनदा दुमडला की सोळा पानांचा एक फर्मा तयार होई. एक चरित्र म्हणजे एक फर्मा, असा तिथला नियम. तिसऱ्या पानावर जन्म, पाचव्यावर आईची शिकवण, सातव्यावर मोह, नवव्यापासून कार्य, चौदाव्यावर मृत्यू, पंधराव्यावर लोकांचा शोक, सोळाव्यावर प्रार्थना. जास्त जगलेल्याला छाटायचं, कमी जगलेल्याला ताणायचं. पोपला सोळा, सम्राटाला सोळा, महारोग्यांची शुश्रूषा करता करता महारोगानंच मेलेल्या पाद्र्यालाही सोळाच. चर्चच्या दारात, मेणबत्त्यांच्या शेजारी ही पुस्तकं विकली जात.

मी स्वतः असल्याच कागदांवर वाढलो. अप्पा तंजावरहून आलेले कंपोझिटर, मद्रासच्याच तिरुवल्लिकेणी भागातल्या एका छोट्या छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. छपाईत बिघडलेले ताव अप्पा घरी आणत. त्यावर आई डाळ वाळवायची आणि डाळीखाली काय लिहिलंय ते मी वाचायचो. देव नाही असं सांगणारं पत्रक आणि देव लवकरच येतोय असं सांगणारं पत्रक एकाच मशीनवर, कधी कधी एकाच दिवशी निघे. अप्पा दोन्हींचे खिळे सारख्याच निष्ठेनं लावीत. मला ती निष्ठा सहन होत नसे. मी मनाशी पक्कं केलं होतं की माणसानं एका बाजूला उभं राहावं. मी देव नाही या बाजूला उभा राहिलो, कॉलेजात भाषणं केली, बी.ए. झालो आणि वर्षभर नोकरी शोधून शेवटी पाद्र्यांच्या दारात गेलो. मॅनेजरांनी मला माझा धर्म विचारला नाही, मतं तर नाहीच नाही. तमिळ आणि इंग्रजी दोन्ही लिहिता येतं का आणि तारखा चुकवत नाहीस ना, एवढंच विचारलं.

तारखा मी एकही चुकवली नाही.

छापलेले ताव दुमडायचं काम आठ बायका करीत. चटया पसरून त्या ओळीनं बसत, हातात हाडाची पट्टी, आणि सर्र सर्र असा आवाज दिवसभर चाले. त्यात सगळ्यांत वयस्कर अम्मा. तांबरमच्याही पुढच्या एका गावातून त्या रोज चालत स्टेशनवर आणि तिथून विजेच्या गाडीनं शहरात येत. चेरीतल्या, म्हणजे गावाबाहेरच्या अस्पृश्य वस्तीतल्या. घराणं तीन पिढ्यांचं कॅथलिक. वाचता येत नव्हतं. पण आपल्या हाताखालून काय जातंय हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दुपारी मी प्रुफं घेऊन तिकडून गेलो की हाक यायची, "रायरे, आज कोण मेलं?"

आमच्यासारख्या तंजावरच्या मराठी ब्राह्मणांना तिकडे रायर म्हणतात. मी उकिडवा बसून त्यांना फर्म्यातला माणूस सांगायचो. पोपची क्षमा मागायला बर्फात तीन दिवस अनवाणी उभा राहिलेला सम्राट सांगितला तेव्हा अम्मा म्हणाल्या, "तीन दिवस? आणि राज्य कोण बघत होतं? बायको?"

सगळ्या बायका हसल्या.

गरिबांना पदरात भाकरी लपवून नेणाऱ्या राणीची गोष्ट सांगितली. नवऱ्यानं पदर ओढला तर भाकरीची फुलं झालेली. अम्मांची पट्टी क्षणभर थांबली. "राणीचं निभावलं. पण त्या दिवशी गरिबांनी काय खाल्लं, फुलं?"

"तसं पुस्तकात नाही, अम्मा."

"नसणारच. पुस्तक राणीचं आहे."

मला हे बोलणं इतकं आवडायचं की मॅन्शनमधल्या, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमधल्या खोलीवर गेलो की मी ते वहीत उतरवून ठेवायचो. वाटायचं, आपण आतून सुरुंग लावतोय. पाद्र्यांची पुस्तकं पाद्र्यांच्याच चटईवर फाडतोय. एवढ्यावर मी खूश होतो. त्याच काळात मी स्वतः काय लिहीत होतो, ते मात्र मी त्या चटईवर कधी तपासून घेतलं नाही.

तिसऱ्या वर्षी अम्मांच्याच गावच्या चर्चचा उत्सव यायचा होता. त्यानिमित्त तिथे सत्तावीस वर्षं राहून तिथेच मेलेल्या युरोपियन धर्मगुरूचं चरित्र हवं होतं. तमिळ ख्रिस्ती आपल्या धर्मगुरूला सामी म्हणतात. या सामींची जुनी पत्रं आणि मिशनचे अहवाल माझ्या टेबलावर आले. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही कबूल करावं लागतं. पटकीच्या साथीत झोपडीझोपडीतून फिरलेला, विहीर खणवलेला, म्हातारपणी तमिळ म्हणींची यादी करत बसलेला. मी मन लावून लिहिलं. तरीही तेराव्या पानाच्या अखेरीस अर्धं पान रिकामं राहिलं.

अहवालात एक वाक्य होतं: त्यांच्या कारकिर्दीत चर्चमधला कठडा गेला. चर्चच्या मधोमध लाकडी कठडा होता. एका बाजूला गावातले उच्च जातीचे ख्रिस्ती, दुसऱ्या बाजूला चेरीतले. तो गेला. कसा गेला, कोणी काढला, एक अक्षर नाही. मी ते वाक्य वाचलं आणि माझं रक्त तापलं. देव मानत नसलो तरी असल्या कठड्यावर कुणीतरी कुऱ्हाड घालायलाच हवी होती, आणि समोर एकच माणूस होता, ज्याचं चरित्र मी लिहीत होतो. मी लिहिलं: सामींनी कोणाला बोलावलं नाही, कोणाची परवानगी मागितली नाही, त्यांनी अंगरख्याच्या बाह्या वर सारल्या, कुऱ्हाड स्वतःच्या हातात घेतली आणि पहिला घाव घातला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अर्धं पान भरलं. दोन ओळी जास्तच झाल्या, त्या मी विहिरीतून कापल्या.

प्रत्येक हस्तलिखित एका वृद्ध युरोपियन फादरकडे जायचं. त्यांनी वाचून 'छापायला हरकत नाही' असं लिहून दिल्याशिवाय मशीन हलत नसे. कुऱ्हाडीच्या जागी त्यांनी समासात पेन्सिलीनं एक बारीक उभी रेघ ओढली आणि मला बोलावून म्हणाले, "तुझ्यात आग आहे." मी लाजलो. मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते म्हणूनच लिहितो.

ताव छापून आले त्या दुपारी अम्मांनी मला हाक मारली नाही. मीच गेलो. मुखपृष्ठावर सामींचा फोटो होता आणि अम्मांनी तो ताव मांडीवर ठेवला होता.

"हे आमचे सामी," त्या म्हणाल्या. "मला यांनीच पाणी दिलं होतं." म्हणजे बाप्तिस्मा. "काय लिहिलंय यांचं?"

मी पटकी सांगितली. "खरं आहे," अम्मा म्हणाल्या. विहीर सांगितली. "खरं आहे. पण पाणी मचूळ." मग मी राखून ठेवलेला पदार्थ वाढावा तसा कठडा सांगितला. उभा राहून, हातवारे करून सांगितला. शेजारच्या बायकांनी पट्ट्या खाली ठेवल्या.

"कोणी तोडला?" अम्मांनी विचारलं.

"सामींनी. स्वतःच्या हातानं."

"कोण म्हणतं?"

मी पुन्हा खाली बसलो.

"रायरे, कोण म्हणतं?"

मग त्यांनी मान वर न करता सांगितलं. कठडा त्यांच्या नवऱ्यानं तोडला होता. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी, भर प्रार्थनेत. लाकडं फोडायचा तो माणूस, कुऱ्हाड त्याचीच. सामींनी त्याला दुसऱ्या दिवशी बोलावून सांगितलं की चर्चच्या दारात गुडघ्यावर बसून सगळ्यांची क्षमा माग आणि कठडा स्वतःच्या हातानं पुन्हा उभा कर. त्यानं नाही म्हटलं. त्याचा प्रसाद, म्हणजे चर्चमध्ये मिळणारी पवित्र भाकर, बंद झाला, कबुलीजबाब बंद झाला. दीड वर्षानं तो तापानं गेला. अम्मा मुलगा कडेवर घेऊन सामींच्या ओसरीवर बसून राहिल्या, पण मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं पवित्र तेल लावायला सामी आले नाहीत. पुरलं ते दफनभूमीच्या भिंतीबाहेर. कठडा मात्र पुन्हा कोणी उभारला नाही. सुतारांपैकी एकही जण त्याला हात लावायला तयार नव्हता, कारण तो मेलेला माणूस सगळ्यांना आवडायचा. कारकीर्द सामींची होती, म्हणून सामींच्या कारकिर्दीत कठडा गेला.

"मला आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. किती मूर्ख प्रश्न!

"तुम्ही विचारलंत का? तुम्ही मला सांगायला यायचात."

हे एवढंच असतं तर मी लाज गिळून जगलो असतो. पण त्या वर्षी पावसात दफनभूमीची एका बाजूची भिंत पडली होती आणि उत्सवाआधी ती नव्यानं बांधायची होती. अम्मांनी बिशपांकडे अर्ज केला होता, दुसऱ्याकडून लिहून घेऊन, अंगठा लावून. मागणं एकच. नवी भिंत सहा पावलं पलीकडून घ्या, म्हणजे तो आत येईल. नवे बिशप भले माणूस होते. कठडा तोडणं हे पाप होतं की नव्हतं, हे आता सांगणं कठीण आहे असं ते म्हणाले होते, आणि गावच्या पंचांचं मत मागवलं होतं. गावचा तरुण धर्मगुरूही अम्मांच्या बाजूनं होता. पंचांतले दोघे विरोधात, तिघे काठावर.

मी धावत मॅनेजरांकडे गेलो. पुस्तकांचे गठ्ठे सकाळीच गावाला गेले होते.

पंचांची बैठक रविवारी झाली. सोमवारी अम्मांनी ती आम्हाला जशीच्या तशी करून दाखवली. पंचांतल्या एका म्हाताऱ्याची मान थरथरते, ती सुद्धा केली. तो म्हातारा पुस्तक उघडून उभा राहिला आणि म्हणाला, "ही बाई म्हणते माझ्या नवऱ्यानं कठडा तोडला म्हणून त्याला बाहेर पुरलं. इथे तर छापलंय की कठडा खुद्द सामींनी तोडला. आपल्या मिशनचा छापखाना, वर बड्या फादरची परवानगी. आता सांगा, जे काम सामींनी स्वतः केलं, त्यासाठी ते दुसऱ्याला शिक्षा करतील का? म्हणजे तो बाहेर आहे तो दुसऱ्या कशासाठी तरी. दारू म्हणा, चोरी म्हणा. सामींनी बिचाऱ्यांनी झाकून ठेवलं. आपण कशाला उकरायचं?"

"तुम्ही काय म्हणालात?" एका बाईनं विचारलं.

"मी काय म्हणणार? मी म्हटलं, मला वाचता येत नाही."

कोणी हसलं नाही. काठावरचे तिघेही म्हाताऱ्याच्या बाजूला गेले होते.

मी वृद्ध फादरांकडे गेलो. टेबलावर पुस्तक आपटलं, सगळं सांगितलं, दुरुस्तीची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवायला हवी म्हटलं. त्यांनी पुस्तक उचलून सरळ ठेवलं. मग त्यांनी मला खुर्ची दिली.

"कुऱ्हाडीचं तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"म्हणजे तू खोटं लिहिलंस."

"हो. आणि तुम्ही हरकत नाही म्हणून सही केलीत."

"मी श्रद्धेच्या विरुद्ध काही आहे का तेवढं पाहतो," ते शांतपणे म्हणाले. "कुऱ्हाड श्रद्धेच्या विरुद्ध नाही."

"आणि तो माणूस? ती बाई?"

"चिठ्ठी छापायची तर तिलाही परवानगी लागेल. आणि त्या चिठ्ठीत एका मृत धर्मगुरूवर आरोप असेल. पुरावा काय, एका बाईचं बोलणं?"

"कुऱ्हाडीला कोणता पुरावा मागितला होतात?"

ते उठून खिडकीपाशी गेले. त्यांच्या पाठीकडे बघून मला कळलं की ते मला खोटा मानत नव्हते. त्यांना सगळं पटलं होतं. म्हणूनच माझा संताप आजही उतरत नाही. न पटणाऱ्याशी भांडता येतं.

मग मी माझ्या मते शूर गोष्ट केली. पुढच्या रविवारी गावात गेलो. तरुण धर्मगुरूनं प्रार्थनेनंतर मला दारात दोन मिनिटं बोलू दिलं. मी मोठ्यानं सांगितलं की पुस्तक मी लिहिलंय, कुऱ्हाडीची गोष्ट माझ्या मनची आहे, कठडा अम्मांच्या नवऱ्यानं तोडला. माझं तमिळ चांगलं आहे, आवाजही. लोक ऐकत होते. चेरीतले लोक मागे उभे होते.

थरथरत्या मानेचा म्हातारा पुढे आला. तिकडे धाकट्या भावाला तंबी म्हणतात. "तंबी, तुम्ही ख्रिस्ती?"

"नाही."

"देव मानता?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण नेमकं त्याच आठवड्यात मला तत्त्व आठवलं. "नाही."

"नाव काय म्हणालात? राव? म्हणजे बामण." तो लोकांकडे वळला. "देव न मानणारा एक बामण तांबरमची गाडी पकडून येतो आणि आपले सामी खोटे म्हणून सांगतो. बरं, तंबी, आधी लिहिलंत तेव्हा खोटं बोलत होता की आता बोलताय? एक काहीतरी धरा. की दोन्ही वेळा?"

लोक हसले. मागचेही काही हसले. मी ओरडायला लागलो. अन्याय, जात, ढोंग, जे शब्द मी डाळीखालून वाचले होते ते सगळे. कुणीतरी माझं कोपर धरून मला कुंपणाबाहेर नेलं. अम्मा दाराच्या खांबापाशी उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, धर्मगुरूकडे बघत होत्या. तो पायऱ्यांकडे बघत होता.

पंधरा दिवसांत भिंत झाली. सरळ, जुन्या पायावर, वर चुना.

मी राजीनामा लिहिला आणि तो बायकांना वाचून दाखवला. त्यात आग होती. अम्मा म्हणाल्या, "तुम्ही सोडा, तुम्हाला दुसरं मिळेल. मी इथेच बरी." आणि पुढचा ताव ओढला. ते त्याच पुस्तकाचे ताव होते. खप चांगला होता, दुसरी आवृत्ती निघाली होती. या वेळी आतल्या पानावर चित्रही होतं, बाह्या वर सारलेल्या सामींचं.

मी हरलो नव्हतो, असं मला वाटत होतं. अप्पांच्या छापखान्यात मी एक पत्रक जुळवून घेतलं. वर अम्मांच्या नवऱ्याचं नाव मोठ्या टाइपात, खाली सगळी हकिकत. प्रूफ घेऊन गावाला गेलो आणि त्यांच्या अंगणात बसून वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मला जेवायला वाढलेलं होतं.

"यात लिहिलंय तो गुडघ्यावर बसला नाही, ताठ उभा राहिला," अम्मा म्हणाल्या. "तुम्ही होता तिथे?"

"तुम्हीच सांगितलंत, त्यांनी नाही म्हटलं म्हणून."

"नाही म्हटलं. पण घरी येऊन तीन दिवस रडला. सामींवर फार जीव होता त्याचा. हे लिहाल?"

मी प्रूफ उलटं करून ठेवलं.

"नाही लिहिणार. पानात बसत नाही." त्यांनी माझ्या ताटात रसम वाढलं. "माझा माणूस मला राहू दे, रायरे. एकदा सामींचा झाला, आता तुमचा होईल. कागद पुरे. जेवा."

ते पत्रक निघालं नाही. अप्पांनी जुळवलेले खिळे मोडून परत टाइपाच्या खणांत टाकले. काही विचारलं नाही त्यांनी. हे मी मराठीत लिहितो आहे, कारण त्या गावात मराठी वाचणारं कोणी नाही. आणि तरीही त्यांनी नको म्हटलेलंच करतो आहे, हे मला ठाऊक आहे.

अम्मा गेल्या वर्षी गेल्या. त्यांचा प्रसाद कधी बंद नव्हता, दफनभूमीत त्यांना हक्काची जागा होती. पण त्यांनी दोन वर्षं आधीच धर्मगुरूला सांगून ठेवलं होतं की मला भिंतीबाहेर ठेवा, त्याच्या डाव्या हाताला. धर्मगुरू समजावून थकला. शेवटी त्यानं प्रार्थना म्हटली, पण भिंतीच्या आत उभा राहून. बाहेर आला असता तर गावाला उत्तर द्यावं लागलं असतं. त्याचा आवाज चुन्यावरून आमच्याकडे येत होता आणि आम्ही सात-आठ जण इकडे उन्हात उभे होतो.

माती लोटायच्या आधी त्यांचा मुलगा माझ्याजवळ आला. रेल्वेत गँगमन आहे, माझ्याच वयाचा. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकला, ते पुस्तक त्यानं वाचलंय. त्यानं मला बाजूला घेतलं.

"एक विचारतो, सार. आता ती नाही, तर सरळ सांगा. कठडा खरंच माझ्या बापानं तोडला होता? की अम्मा मनाच्या समाधानासाठी म्हणायची?"

"तुमच्या वडिलांनी," मी म्हणालो. "मी तुम्हाला शपथेवर सांगतो. ते पुस्तक मीच लिहिलंय, ते खोटं आहे."

त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. राग नव्हता. उलट समजूतदारपणा होता, आजारी माणसाशी बोलताना असतो तसा.

"तुम्ही असंच म्हणणार, सार," तो म्हणाला. "तुम्हाला जेवू घालायची ती."

आणि फावडं उचलून तो खड्ड्याकडे गेला.